बाळाचा एकच हात उडतोय? नवजात बाळातला स्ट्रोक असा ओळखा

तोंड वाकडं होणं, अर्धं अंग लुळं पडणं ही मोठ्यांमधली लक्षणं नवजात बाळात बहुधा दिसत नाहीत. दिसतात ते झटके, बहुतेकदा जन्मानंतर १२ ते ७२ तासांत. बाळ जन्मतः छान रडलेलं असतं, दूधही ओढत असतं आणि अचानक एकाच बाजूचा हात किंवा पाय ठेक्यात उडू लागतो. उजवी बाजू जास्त वेळा, कारण मेंदूच्या डाव्या, म्हणजे उजवं अंग चालवणाऱ्या, भागाची मधली धमनी अधिक वेळा तुंबते.

उडणारा हात अलगद मुठीत धरा, कोपरात जरासा दुमडा. नुसती थरथर असेल तर ती तिथेच विरते. झटका विरत नाही, तळहाताला जाणवत राहतो: चटकन ओढ, सावकाश सैल, पुन्हा ओढ. सोबत डोळे एकीकडे खिळतात, ओठ चोखल्यासारखे हलतात. कधी झटके न दिसता फक्त श्वास थांबून बाळ निळं पडतं. झोपेतच उडणारे आणि जाग येताच थांबणारे हातपाय सहसा निरुपद्रवी असतात, तरी डॉक्टरांना दाखवाच. चेहरा आणि चारही हातपाय दिसतील असा व्हिडिओ घ्या, पण त्यापायी दवाखान्यात निघायला उशीर नको. बाळाला कुशीवर ठेवा, तोंडात काहीही घालू नका.

दवाखान्यात पहिली तपासणी रक्तातल्या साखरेची, तीही लगेच. मग कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम, जंतुसंसर्ग आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख.

खरी चूक पुढे होते. टाळूवरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल आली की सगळे निर्धास्त होतात. मेंदूच्या पृष्ठभागालगतचा स्ट्रोक तिच्यात सहज निसटतो. निदान करतो तो एमआरआय, डिफ्युजनसह (रक्तपुरवठा तुटलेला भाग लवकर दाखवणारी त्यातलीच चित्रणपद्धत), शक्यतो झटक्यांनंतर २ ते ४ दिवसांत. आठवडा उलटला की डिफ्युजनमधली खूण फिकी पडते. त्याच वेळी धमन्या आणि शिरा दोन्हींचं चित्रण करून घ्या, कारण शिरेतल्या गुठळीचे उपचार वेगळे असतात. भूल बहुधा लागत नाही. पोटभर पाजून, कान झाकून, घट्ट गुंडाळलेलं बाळ मशीनमध्ये निवांत झोपतं.

काही बाळांना सुरुवातीला झटके येतच नाहीत. वर्षाच्या आत बाळ प्रत्येक वस्तू एकाच हाताने घेत असेल आणि दुसरी मूठ मिटलेलीच राहत असेल, तर ‘डावखुरं असेल’ म्हणून थांबू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.