हीटसिंक न उचकटता प्रोसेसर ओळखा

वाळूजच्या कारखान्यांतून माझ्या टेबलावर येणाऱ्या कंट्रोलर बोर्डांवर चिपचं नाव क्वचितच वाचता येतं. एकतर घासून काढलेलं, नाहीतर वर हीटसिंक चिकटवलेला. पोरं लगेच पेचकस उचलायलेत! ठेवा तो. बोर्डाच्या सिरीयल पिनांपासून कॉम्प्युटरला ३.३ व्होल्टची यूएसबी-टीटीएल केबल जोडा (५ व्होल्टची नको, पिन जाते), वेग बहुधा ११५२००, आणि लिनक्सच्या बूट लॉगची (बोर्ड चालू होताना छापल्या जाणाऱ्या नोंदींची) अगदी पहिली ओळ पकडा.

तिथं 'बूटिंग लिनक्स ऑन फिजिकल सीपीयू'च्या पुढं चौकटी कंसात एक आकडा असतो. रास्पबेरी पाय ३ या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर, ६४ बिट कर्नल (लिनक्सचा गाभा) असेल तर, सुरुवातीचा शून्य-एक्स सोडून तो येतो ४१०एफडी०३४. कर्नलनं तो एआरएम कोरमधल्या (प्रोसेसरमधल्या एका गणन भागातल्या) एमआयडीआर या ओळख सांगणाऱ्या रजिस्टरमधून थेट वाचलेला असतो, म्हणून माझा त्याच्यावर भरवसा. डावीकडून फोडा: ४१ म्हणजे डिझाइन एआरएम कंपनीचं, ० व्हेरियंट (मोठी आवृत्ती), एफ सोडून द्या, डी०३ म्हणजे कॉर्टेक्स-ए५३ हा कोरचा प्रकार, शेवटचा ४ रिव्हिजन (छोटी सुधारणा). पाय ४ वर डी०३ च्या जागी डी०८ दिसेल, तो ए७२.

व्हेरियंट आणि रिव्हिजन जोडून आर०पी४ वाचतात. या शेपटाला लई किंमत आहे. ए५३ मध्ये ८४३४१९ नंबरचा दोष आहे: मेमरी पानाच्या शेवटी आलेल्या एडीआरपी या पत्ता काढणाऱ्या सूचनेमुळं पत्ता चुकू शकतो. कर्नल आपल्या यादीशी हा आकडा ताडून बघतो आणि गरज असेल तरच तोडगा लावतो. आर०पी४ च्या काही चिपांत दोष दुरुस्त झालाय. ते कळायला कर्नल आरईव्हीआयडीआर नावाचं आणखी एक रजिस्टर चाळतो.

एकच कोर बघून थांबू नका. आरके३३९९ या चिपमध्ये दोन ए७२ आणि चार ए५३ एकत्र असतात. लिनक्सच्या प्रोक फोल्डरमधल्या सीपीयूइन्फो फाईलीत प्रत्येक कोरचा पार्ट वेगळा बघा.

आता 'मशीन मॉडेल'ची ओळ. ती सिलिकॉनमधून येत नाही, बूटलोडरनं (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामनं) दिलेल्या डिव्हाइस ट्रीमधून, म्हणजे बोर्डावरच्या भागांच्या वर्णनातून, येते. कुणी दुसऱ्याच बोर्डाची ट्री भरली असेल तर कर्नल बिनदिक्कत तेच नाव छापतो. जुन्या पाय कर्नलवर तर सीपीयूइन्फोत पाय ४ सुद्धा स्वतःला बीसीएम२८३५ म्हणवतो. खरी चिप बीसीएम२७११. पण ए५३ कितीतरी कंपन्यांच्या चिपांत आहे, त्यामुळं निव्वळ एमआयडीआरवर सुटा भाग मागवू नका. सिसएफएसमध्ये (लिनक्सच्या सिस फोल्डरात) सॉक० दिसला तर त्यातला सॉक आयडी, म्हणजे पूर्ण चिपची ओळख, वाचा, नसेल तर रॅम आणि पॉवर चिपचे नंबर जुळवा, मगच ऑर्डर टाका.