जुनी गाडी घ्यायला निघण्याआधी

कोल्हापुरात जुन्या गाडीच्या इंजिनाची काळजी सर्वांत शेवटी करावी. उद्यमनगरात ब्लॉक बोअर होतो, क्रँक ग्राइंड होते, बाजारात न मिळणारा बुशही लेथवर करून मिळतो. करून मिळत नाहीत ते कागद. आणि कुजलेला पत्रा नव्याने घडवायचा म्हटलं, तर गाडीच्या किमतीहून खर्च जास्त. म्हणून पद्मिनी असो, ॲम्बॅसडर असो की विलीज जीप, आधी आरसी म्हणजे नोंदणीचं पुस्तक, मग बॉडी आणि शेवटी इंजिन, याच क्रमाने बघा.

ऑनलाइन जाहिरात दिसली की पहिल्या फोनला भाव काढू नका. आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागा आणि नंबर परिवहनच्या पोर्टलवर टाका. मालक तोच आहे का, फिटनेस कधी संपलं, कर्जाचा बोजा उतरला आहे का, हे तिथे कळतं. नोंदच सापडली नाही तर लगेच गाडी चोरीची समजायचं कारण नाही. जुन्या रजिस्टरातल्या काही नोंदी संगणकावर चढलेल्या नसतात. पण ती चढवून घेणं हे विकणाऱ्याचं काम, आणि तेही सौद्याच्या आधी.

इंधनाच्या रकान्यावर जरा थांबा. आपल्या भागात पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीपा पुष्कळ फिरतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असले बदल सहज चालवून घेत नाही, आणि आरसीत न चढलेलं इंजिन आरटीओच्या तपासणीत, म्हणजे पासिंगला, हमखास अडतं. मुंबईहून आलेली पद्मिनी असेल तर ती पूर्वी टॅक्सी होती का ते शोधा. डिकीच्या रबराखाली, दाराच्या बिजागरीजवळ काळा-पिवळा रंग राहिलेला असतो, छतावर कॅरिअरची भोकं बुजवलेली सापडतात. टॅक्सी होती म्हणून ती वाईट ठरत नाही. मात्र खासगी म्हणून झालेला बदल आरसीवर दिसलाच पाहिजे. दिल्लीत 15 वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या स्वस्त गाड्यांच्या जाहिराती खूप दिसतात. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत), म्हणजे फॉर्म 28, हातात आल्याशिवाय अशा गाडीचा विचारही करू नका.

पैशाचं अगदी स्पष्ट सांगतो. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन नाही, पाचशे रुपयेसुद्धा नाही. ‘मी फौजेत आहे, बदली झाली, गाडी ट्रान्सपोर्टने पाठवतो, फक्त भाडं टाका’ ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे. घरटी एक जवान देणारी सैनिक टाकळी ज्या जिल्ह्यात आहे, तिथे वर्दीतला फोटो बघून माणूस विरघळतो, आणि हे चोर नेमकं त्यावरच टपलेले असतात. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. फसगत झालीच तर वेळ न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

विंटेज रॅलीत किंवा गाड्यांच्या प्रदर्शनात असली चोरी होण्याची शक्यता कमी, पण तिथे मोह जास्त असतो. दसरा चौकात कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी बघत वाढलेल्या आपल्या लोकांना तर चकाकता क्रोम बघून राहवतच नाही. गाडी पॉलिश केलेली, इंजिन आधीच गरम, भोवती गर्दी. तिथे खाली वाकून चेसिस बघता येत नाही आणि थंड इंजिन कसं सुरू होतं तेही कळत नाही. माझ्या मते प्रदर्शन हे माणसं जोडायचं ठिकाण आहे. एकाच मॉडेलच्या तीन-चार मालकांशी बोला. कुठे गंज धरतो, काच कुठे मिळते, कोणता मिस्त्री खरा, हे ते मनापासून सांगतात. एखादी गाडी आवडली तर मालकाचा नंबर घ्या आणि व्यवहार त्याच्या घरी जाऊन, दिवसाउजेडी करा.

बघायला जाताना सोबत आपला मिस्त्री, टॉर्च, कपड्यात गुंडाळलेला लोहचुंबक, पेन्सिल आणि पातळ कागद असू द्या. इंजिन गरम करून ठेवू नका, असं मालकाला आदल्या दिवशीच सांगा. चुंबक दाराच्या खालच्या कडेवर, उंबऱ्यावर, मडगार्डवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी भरलेली असते. मॅट उचलून फ्लोअर बघा, स्टेपनीचा खड्डा बघा. सांगली-कोल्हापूरकडची गाडी असेल तर 2019 आणि 2021 च्या पुरात ती कुठे उभी होती हे थेट विचारा. हेडलाइटच्या आत, डॅशबोर्डच्या मागे, सीटच्या स्प्रिंगमध्ये बारीक गाळ असेल तर उत्तर ऐकायची गरज उरत नाही. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा आणि आलेला ठसा आरसीशी अंक-अंक जुळवा. आजूबाजूला वेल्डिंग किंवा ग्राइंडरच्या खुणा असतील तर तिथूनच परत फिरा. मग बॉनेट. निळा धूर किंवा दुधाळ ऑइल दिसलं तर दुरुस्तीचा खर्च भावातून कमी करा, एवढंच.

सौदा ठरला की हस्तांतराच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या समोरासमोर घ्या, रक्कम मालकाच्याच बँक खात्यात भरा. हस्तांतराची सूचना विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत द्यायची असते आणि तुम्ही 30 दिवसांत. गाडी 50 वर्षांपुढची असेल तर 2021 च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीचा मार्ग आहे. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. आधीच नोंद असलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. पण विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर काढायची असते. रोज राजारामपुरीतून शिरोलीला कामावर जायचं असेल तर ही नोंदणी तुमच्यासाठी नाही.

गाडी पुण्या-मुंबईची असेल तर ती चालवत आणायचा उत्साह आवरा. कित्येक वर्षं उभ्या असलेल्या गाडीचा रेडिएटर आणि ब्रेकचे जुने रबर खंबाटकी घाटात काय करतील याचा नेम नाही. विमा तुमच्या नावावर करून घ्या, सपाट ट्रकवर चढवून आणा, आणि सगळे होज, ब्रेक आणि टायर बदलून झाल्यावरच किल्ली फिरवा.