दक्षिण आफ्रिकेचा क्लब दौरा: आधी सामने, मग तिकिटं

क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी केपटाऊनच्या टेबल माउंटनचा फोटो टाकतो, पंधरा जण अंगठे दाखवतात आणि चौथ्या दिवशी एक उत्साही सभासद विमानाच्या तिकिटांचे दर घेऊन येतो. तिथेच त्याला थांबवा. ज्या दौऱ्याची तिकिटं सामन्यांच्या आधी काढली जातात त्यात क्रिकेट उरल्यासुरल्या दिवसांत होतं. सहल करायची असेल तर एजंट भरपूर आहेत. हा लेख खेळायला जाणाऱ्यांसाठी आहे.

कधी जायचं

तिथला हंगाम ऑक्टोबर ते मार्च. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा मध्य. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत अख्खा देश सुट्टीवर असतो. बहुतेक क्लबांची लीग थांबते, मैदानावरचा माणूस गावी जातो आणि किनाऱ्यावरची हॉटेलं दुप्पट भाव सांगतात. दिवाळीच्या सुट्टीत बायकामुलांसह जाता येतं हे खरं, पण ऑक्टोबरात तिकडच्या क्लबांचा हंगाम जेमतेम सुरू झालेला असतो. २०२७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि नामिबियात विश्वचषक आहे. तो बघायला जोडून दौरा काढणार असाल तर ज्या शहरात भारताचा सामना आहे तिथे त्या सामन्याच्या आसपासच्या दोन दिवसांत स्वतःचा सामना ठेवू नका. यजमान क्लबचे निम्मे लोक स्टँडमध्ये बसलेले असतील.

किती जण

खेळणारे पंधरा. बारा नेऊ नका. पहिल्याच सामन्यात एकाची मांडी धरते आणि दुसऱ्याचं पोट बिघडतं. अठराही नकोत, कारण पैसे भरून बाहेर बसलेला माणूस चौथ्या दिवसापासून कर्णधाराशी बोलत नाही. यष्टिरक्षक दोन हवेतच. मॅनेजर म्हणून असा माणूस निवडा जो खेळत नाही आणि ज्याने कधीतरी लग्नाचं वऱ्हाड सांभाळून नेलंय.

सामने ठरवणं: खरं काम हे

इथे मलाही घाम फुटला होता, म्हणून इथेच जरा थांबू.

पहिली गोष्ट, फिक्स्चर एजंटकडून घेऊ नका. बस आणि हॉटेल त्याच्याकडून घ्या, सामने नाही. त्याच्या लेखी सामना म्हणजे कार्यक्रमपत्रिकेतली एक ओळ. ‘कन्फर्म’ म्हणून दिलेल्या सामन्यासाठी आम्ही मैदानावर पोहोचलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं आणि आत एक माणूस शांतपणे रोलर फिरवत होता. त्याला कोणी काही कळवलंच नव्हतं.

स्वतः लिहायचं. ज्या प्रांतात जाणार तिथल्या क्रिकेट संघटनेच्या कार्यालयात क्लब क्रिकेट बघणारी व्यक्ती असते. तिच्याकडून क्लबांच्या सचिवांचे पत्ते मागा, निदान आठ महिने आधी. ईमेलला उत्तर आलं नाही म्हणून खट्टू होऊ नका. हे सचिवही तुमच्याआमच्यासारखेच नोकरी सांभाळून क्लब चालवतात. फोन करा. दक्षिण आफ्रिका आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. आपल्याकडे रात्री साडेदहाला फोन लावला की तिकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि माणूस निवांत सापडतो. एकदा बोलणं झालं की पुढचं सगळं व्हॉट्सअॅपवर होतं.

आता जिथे बहुतेक क्लब घसरतात ती जागा: आपली ताकद किती ते सांगणं. आपल्याला स्वतःबद्दल खरं सांगवत नाही. ‘आमचा संघ चांगला आहे’ असं लिहिलं की समोरचा त्याचा अर्थ त्याच्या मापाने घेतो आणि तुमच्या बेचाळीस वर्षांच्या सलामीवीरासमोर तिथल्या क्लबांच्या सर्वांत वरच्या विभागात, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, टाकणारा पोरगा नवा चेंडू घेऊन उभा राहतो. उलट फार नम्रपणे ‘आम्ही हौशी’ एवढंच लिहिलंत तर ते सदस्यांचे काका आणि शेजारी गोळा करतील आणि सामना अकराव्या षटकात मेलेला असेल. म्हणून विशेषणं नकोत, माहिती द्या. सरासरी वय. सध्या लीग खेळणारे किती आणि कुठल्या विभागात. सर्वांत वेगवान गोलंदाजाला यष्टिरक्षक स्टंपजवळ उभा राहतो की मागे. गेल्या हंगामातली चार-पाच स्कोअरकार्डं; क्रिकहीरोज या स्कोअर ठेवणाऱ्या अॅपवर असतील तर तीच, पण फक्त लेदर बॉलची. टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धेतले एकवीस चेंडूंत सत्तर पाठवू नका.

दुसरी धोक्याची जागा शाळा. ‘क्लबचा संघ मिळत नाही, पण शाळेचा फर्स्ट इलेव्हन खेळेल’ असा निरोप आला की आपल्याकडचे लोक खूश होतात, पोरं आहेत म्हणून. त्या पोरांना कमी लेखू नका. तिथल्या जुन्या शाळांत टर्फ विकेट, म्हणजे नैसर्गिक गवताच्या खेळपट्ट्या, आहेत, पगारी प्रशिक्षक आहेत. ए. बी. डिव्हिलियर्स आणि फाफ डू प्लेसी प्रिटोरियाच्या एकाच शाळेत शिकले. तुमच्या संघात तिशीच्या आतले सात-आठ जण असतील तरच शाळेशी खेळा. पस्तिशीपुढच्यांनी थेट व्हेटरन्सचे सामने मागावेत. त्या वयोगटाचं क्रिकेट तिथे गंभीरपणे खेळलं जातं. पन्नाशीपुढच्यांचा विश्वचषक २०२० मध्ये केपटाऊनला भरला होता, कोरोनामुळे तो अर्ध्यावर थांबला.

तिसरी गोष्ट वार. शनिवार हा तिकडे लीगचा दिवस. शनिवारी सामना मागितलात तर एक तर नकार येईल नाहीतर उरलेले खेळाडू मिळतील. रविवार आणि मधल्या वारची दुपार मागा. रविवारचा सामना प्रत्येक मुक्कामात एक असेल असा प्रवास आखा; प्रेक्षणीय स्थळं मधल्या दिवसांत बसतात. दोन आठवड्यांत पाच सामने पुरेत. सात ठरवणाऱ्यांच्या शेवटच्या दोन सामन्यांत मॅनेजरला पॅड बांधावे लागतात.

चौथी गोष्ट लेखी विचारायची. विकेट टर्फची की कृत्रिम? छोट्या मैदानांवर कृत्रिम विकेट सर्रास असते आणि तिच्यावर लोखंडी खिळ्यांचे बूट चालत नाहीत, म्हणून रबरी तळव्यांचे बूट प्रत्येकाकडे हवेतच. चेंडू लाल की पांढरा आणि तो कोण देणार? पंच कोण, त्यांचे पैसे कोणाकडे? की फलंदाजी करणाऱ्या संघाचेच दोघे उभे राहणार? तसं असेल तर पायचीतबद्दल नाणेफेकीआधीच बोलून घ्या. मैदानाचं भाडं, दुपारचं जेवण, चहा यांचा खर्च कोणाचा? ‘बघू तिथे’ हे उत्तर स्वीकारू नका.

आणि शेवटची, जी कोणी सांगत नाही. क्लबांच्या वार्षिक सभा हंगाम संपल्यावर, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात होतात. तुम्ही एप्रिलमध्ये ज्या सचिवाशी ठरवलंत तो ऑगस्टमध्ये सचिव असेलच असं नाही आणि नव्याला तुमचं नावही माहीत नसतं. प्रत्येक क्लबमध्ये दोन माणसांचे नंबर ठेवा, एक सचिव आणि एक कर्णधार. सप्टेंबरात पुन्हा विचारा, निघण्याच्या महिनाभर आधी विचारा, आठवडाभर आधी विचारा. चिकट म्हणतील, म्हणू द्या.

पाचही सामने हातात आले की तिकिटं काढा.

मार्ग

जोहान्सबर्ग, तिथून रस्त्याने डर्बन, मग विमानाने केपटाऊन. जोहान्सबर्ग ते डर्बन साधारण ५७० किलोमीटर, रस्ता उत्तम. चालकासह मिनीबस आणि मागे किटसाठी ट्रेलर घ्या. रात्री प्रवास नको. जोहान्सबर्ग ते केपटाऊन बसने जायचा हट्ट धरणारा एकजण प्रत्येक क्लबात असतो. ते अंतर १,४०० किलोमीटर आहे एवढं त्याला सांगा.

डर्बनच्या वाटेवर पीटरमॅरित्झबर्गला थांबा. १८९३ मध्ये गांधीजींना गाडीतून उतरवलं ते हे स्टेशन. त्याच गावातल्या सिटी ओव्हलवर सीमारेषेच्या आत झाड उभं आहे आणि याच मैदानावर २००३ च्या विश्वचषकात सचिनने नामिबियाविरुद्ध १५२ केल्या होत्या. डर्बनला भारतीय वंशाच्या लोकांच्या क्लबाशी एक सामना जरूर ठेवा. वर्णभेदाच्या काळात त्यांची मैदानं वेगळी होती, मंडळं वेगळी होती. सामन्यानंतर तिथल्या सत्तरीतल्या सभासदाजवळ बसा आणि त्याला बोलू द्या. किंग्जमीड हे कसोटी मैदानही बघून घ्या. १९९२ मध्ये प्रवीण आमरेने कसोटी पदार्पणातच शतक केलं ते तिथे.

केपटाऊनला लांगासारख्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या क्लबाशी सामना मिळाला तर घ्या. दक्षिण आफ्रिकेचा फलंदाज टेम्बा बावुमा लांगाचाच. बसच्या काचेतून वस्ती ‘बघायला’ जाण्याचा प्रकार मला आवडत नाही. खेळायला गेलात तर गोष्ट वेगळी. जुनं किट द्यायचं असेल तर क्लबच्या हाती द्या, रस्त्यावर वाटू नका.

जनावरं बघायची असतील तर पिलान्सबर्ग. क्रूगर मोठं आहे, पण तिथे मलेरियाच्या गोळ्या आल्या. पिलान्सबर्गला त्याची गरज नाही आणि जोहान्सबर्गहून ते जवळही पडतं.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा लागतो, उतरल्यावर मिळत नाही. यजमान क्लबांची निमंत्रणपत्रं अर्जाला जोडा. मध्येच व्हिक्टोरिया धबधब्यासाठी झिंबाब्वेत जाऊन परत जोहान्सबर्गला येणार असाल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागा, नाहीतर परतीच्या विमानापर्यंतही पोहोचता येणार नाही. मुलांसाठी जन्मदाखला आणि बरोबर न येणाऱ्या पालकाचं संमतिपत्र तयार ठेवा. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस घेऊन टाका. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि दाखला दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरला जातो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. दुबईमार्गे असाल तर गोल नळकांड्यासारखी किटबॅग नको. एक तरी बाजू सपाट नसलेलं सामान तिथे अडतं.

चार्जरसाठी अॅडॉप्टर शोधत फिरू नका. आपल्या गिझरची जाड तीन पिनांची प्लग तिथल्या जुन्या सॉकेटमध्ये बसते. तसली प्लग लावलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड प्रत्येक खोलीला दिला की झालं.

तिथे खेळताना

जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून साधारण १,७५० मीटरवर आहे. हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो. सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाला पहिल्या दिवशी उंच झेलांचा सराव द्या. उन्हाळ्यात दुपारी तीन-चारच्या सुमारास ढग भरून येतात आणि विजा कडाडतात. रविवारचा सामना सकाळी नऊला सुरू करा, पस्तीस षटकांचा ठेवा, आणि यजमान ‘आत चला’ म्हणाले की बॅट टाकून आत जा. केपटाऊनला उन्हाळ्यात पाऊस क्वचितच, पण आग्नेयेचा वारा असा सुटतो की बेल्स जागेवर राहत नाहीत. वाऱ्याविरुद्ध टाकायला तयार असणारा मध्यमगती गोलंदाज आधीच पटवून ठेवा.

उसळीची तयारी इथेच करा. सिमेंटच्या विकेटवर सोळा यार्डांवरून ओला सिंथेटिक चेंडू टाकून घ्या आणि फक्त सोडायचा सराव करा. आपले लोक पुढच्या पायावर वाढलेले. कमरेच्या उंचीचा चेंडू दिसला की बॅट आपोआप जाते आणि स्लिपमध्ये झेल. हेल्मेट सगळ्यांना, सलामीवीरांना चेस्ट गार्ड. फिरकीपटूंनी सरावाला तिकडे वापरतात तो कुकाबुरा चेंडू घ्यावा. आपल्याकडच्या एसजी चेंडूची शिवण हाताला लागते तशी त्याची लागत नाही, ती लवकर दबते.

सामन्यानंतर

अंघोळ करून हॉटेलला पळू नका. यजमानांनी ब्राय पेटवलेला असतो, म्हणजे निखाऱ्यावरचं मांस, आणि तो तासन् तास चालतो. शाकाहारी किती, बीफ-पोर्क न खाणारे किती, हे आठवडाभर आधी कळवा. नाहीतर तुमच्या तिघांच्या पानात बटाट्याचं सॅलड आणि पाव एवढंच येईल. डर्बनला ही चिंता नाही, तिथे घेवड्याच्या उसळीने भरलेला पोकळ पाव, म्हणजे बनी चाउ, मिळतो. भाषण दोन मिनिटांचं, कर्णधाराचं. भेट म्हणून सन्मानचिन्हं नेऊ नका, ती कपाटात धूळ खातात. क्लबची टोपी आणि एसजीचे सहा नवे चेंडू द्या. त्यांचे फिरकीपटू ते लगेच बोटांत फिरवून बघतात.

घरी आल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येक क्लबला फोटो आणि आभाराचं पत्र पाठवा, सोबत परतीचं निमंत्रण. त्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी असं स्पष्ट लिहा. मुंबईत भर पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगचं कौतुक तुम्ही तिथे रंगवून सांगितलेलं असतंच, आणि त्यातला एखादा क्लब खरोखरच जुलैची तिकिटं काढतो.