टकळीवर लोकर कातायला शिकताय? आधी दोन हातांतलं अंतर बघा

आजोबांची शाळेतली पितळी टकळी माळ्यावर सापडली की बरेच जण तिच्यावरच लोकर कातायला बसतात. ती ठेवून द्या, ती सुताची टकळी आहे, बारीक कापसाच्या धाग्यासाठी केलेली आणि वजनाला हलकी. लोकरीचा जाड धागा तिला पेलत नाही, चार गिरक्या मारते आणि उलटी फिरून घातलेला पीळ सोडून देते. लाकडी चकतीची, वर हुक असलेली, 40 ते 50 ग्रामची टकळी घ्या.

लोकर म्हणाल तर आपल्या दख्खनी मेंढीची, जिची घोंगडी होते तीच. लोक आधी ऑनलाइन मेरिनो मेंढीच्या लोकरीच्या मऊ पट्ट्या मागवतात आणि मग रडतात. त्या पट्टीत सगळे केस विंचरून एका दिशेला लावलेले असतात, नवीन हातातून सटकन सुटतात. पेळूत, म्हणजे पिंजलेल्या लोकरीच्या सैल गुंडाळीत, केस आडवेतिडवे असतात म्हणून एकमेकांना धरून राहतात. कोकराची पहिली कातरणी, म्हणजे जावळ, मिळाली तर सोडू नका, ती मऊ असते.

धुणं सोपं आहे: गरम पाण्यात बुडवून ठेवा, चोळू नका, नाहीतर गोळा होतो. पिंजायला धनुकली नसेल तर कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश चालतात. पेळू करा, टकळीला लोकरीचाच हातभर धागा बांधा (सुती घसरतो), हुकात अडकवा.

आता खरी अडचण, पेळूतून केस ओढणं. यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो, हलक्या हाताने ओढा. मी तो सल्ला ऐकून कित्येक आठवडे हलक्या हाताने ओढत बसले आणि पेळू जागचा हलायचा नाही, जोर लावला की एकदम तुटून हातात यायचा. मग माण तालुक्यातल्या एका धनगर आजींनी माझ्या पेळूतून एकच केस उपसला, माझ्या बोटावर आडवा ठेवला आणि म्हणाल्या, "पोरी, ह्यो केस बघ केवढा हाय, तुझं दोन्ही हात ह्याच केसाला धरून बसल्यात."

एवढंच होतं ते. दोन हातांतलं अंतर केसाच्या लांबीपेक्षा कमी असेल तर तुम्ही एकाच केसाची दोन्ही टोकं धरून ताणताय, तो सरकणार कसा? हात लांब घ्या, केसाच्या लांबीपेक्षा थोडे जास्त, की केस एकमेकांवरून सरकायला लागतात. फार लांब घेतले तर मधेच विरळ होऊन तुटतं. म्हणून प्रत्येक नवीन लोकर हातात आली की आधी एक केस उपसून मोजायचा, न चुकता, मी अजूनही मोजते.

दुसरी गोष्ट पिळाची. दोन हातांच्या मधल्या केसांत पीळ शिरला की ते कुलूप लागल्यासारखे बसतात, मग कितीही ओढा. पुढच्या हाताची चिमूट हा दरवाजा आहे, ओढताना ती घट्ट बंद ठेवायची, ओढून झालं की चिमूट मागे सरकवत पीळ आत सोडायचा. पीळ चुकून आत गेलाच तर चिमटीत धागा उलटा फिरवून तो सैल करा, मग ओढा. जोर लावू नका प्लीज.

आणि नवीन असताना टकळी हवेत लटकवून एकीकडे ओढायचं एकीकडे फिरवायचं असली घाई करूच नका. टकळी घड्याळाच्या दिशेने फिरवून भरपूर पीळ साठवा, चिमूट बंद, टकळी दोन गुडघ्यांत दाबून ठेवा आणि मग निवांत ओढा, पीळ सोडा, परत साठवा. कोणी म्हणेल ही खरी कताई नाही, त्यांचं ऐकू नका. मी दोन महिने असंच कातलं, हात तयार झाला आणि मग टकळी आपोआप हवेत राहायला लागली.

पीळ पुरेसा आहे का बघायला धागा जरा सैल सोडा, स्वतःभोवती गुंडाळला तर ठीक, नुसता लोंबला तर अजून फिरवा. तुटलं तर गाठ मारू नका, गाठ विणताना टोचते, टोक पिंजून विसविशीत करा, पेळूचे केस चार बोटं त्यावर पसरा आणि पीळ जाऊ द्या.

टकळी भरली की धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार जागी सैल बांधा. दुहेरी हवा असेल तर दोन धागे एकत्र घेऊन टकळी उलट्या दिशेने फिरवायची. लडी 20 मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत टांगा. खाली वजन लटकवू नका, धागा ताणलेलाच वाळतो आणि विणलेलं कापड पहिल्या धुण्यात आखडतं.