स्कूबाच्या पोहण्याच्या चाचणीची तयारी करताना या चुका टाळा

स्कूबा डायव्हिंगचे, म्हणजे टाकीतली हवा घेत पाण्याखाली पोहण्याचे, ओपन वॉटर डायव्हर हे पहिले प्रमाणपत्र घेऊ पाहणाऱ्यांना पोहण्याच्या चाचणीची धास्ती वाटते, आणि बहुतेक वेळा ती चाचणी नेमकी काय तपासते हे ठाऊक नसल्यामुळेच वाटते. पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या नियमानुसार 200 मीटर न थांबता पोहणे किंवा मास्क (डोळे व नाक झाकणारा चष्मा), फिन्स (पायांत घालायचे रुंद पंख) आणि स्नॉर्केल (चेहरा पाण्यात असताना श्वास घेण्याची नळी) लावून 300 मीटर अंतर कापणे, आणि त्याखेरीज कोणत्याही साधनाच्या आधाराविना 10 मिनिटे पाण्यावर टिकून राहणे, एवढेच अपेक्षित असते. पोहण्यासाठी वेळेची मर्यादा नसते आणि कोणत्या पद्धतीने पोहावे याचेही बंधन नसते.

तरीही अनेक जण शर्यत असल्यासारखे सुरुवातीलाच जोरात हात मारतात आणि पन्नास-साठ मीटरांतच त्यांची दमछाक होते. घाबरून डोके वर काढले की कंबर व पाय खाली जातात, पाण्याचा अडथळा वाढतो आणि तेवढ्याच अंतराला दुप्पट श्रम पडल्यासारखे वाटते. पहिल्या फेरीपासून सावकाश, श्वास पूर्ण सोडत पोहणाऱ्याला अशी अडचण सहसा येत नाही.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे 10 मिनिटांच्या तरंगण्याचा सरावच न करणे. उभ्याने सतत पाय मारत राहिल्यास मांड्या लवकर भरून येतात. त्याऐवजी उताणे पडून कान पाण्यात बुडतील इतके डोके मागे टेकवावे, हात डोक्याच्या दिशेने पसरावेत, छाती हवेने भरलेली ठेवावी आणि उच्छ्वास थोडक्यात आटोपून लगेच पुन्हा श्वास घ्यावा. पाय हळूहळू बुडू लागले तरी त्यांच्याशी झगडू नये; तळहातांची हलकी हालचाल पुरेशी असते. मात्र छाती भरून श्वास धरण्याची ही सवय पृष्ठभागावरच सोडावी, कारण टाकीतली हवा घेत असताना श्वास रोखून वर आल्यास ती हवा प्रसरण पावून फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते.

300 मीटरांचा पर्याय सोपा समजून ऐनवेळी निवडू नये. स्नॉर्केलमध्ये पाणी शिरल्यावर ते जोरात फुंकून बाहेर काढण्याची सवय नसेल, तर फिन्सचा वेग काहीच कामाला येत नाही.

पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षकासोबत अनुभवापुरता डाइव्ह करता येतो. तेवढ्यावरून प्रमाणपत्राचा अभ्यासक्रमही जमेल असा समज करून घेऊ नये. त्या अभ्यासक्रमात पाण्याखाली मास्क काढून किमान एक मिनिट रेग्युलेटरने (टाकीतली हवा तोंडात पोहोचवणाऱ्या उपकरणाने) श्वास घ्यावा लागतो, आणि नाकाला पाणी लागताच बिथरणारे उत्तम पोहणारेही तिथे अडतात. म्हणून उथळ पाण्यात मास्क न लावता चेहरा बुडवून स्नॉर्केलने शांतपणे श्वास घेण्याचा सराव प्रशिक्षणापूर्वीच सुरू करावा.