मिनिएचर आणि क्रोमा जुळत नाही? कॅमेऱ्याच्या या चुका टाळा

धाब्याची घरं, मधे चौक, मागे लळिंगसारखा किल्ला असं गाव टेबलावर 1:10 मापात उभं केलं, नटाला क्रोमासमोर (हिरव्या किंवा निळ्या कपड्यासमोर) चालवलं आणि दोन्ही एकत्र केलं, की पाय जमिनीवरून घसरताना दिसतात. मग कीइंगला (तो रंगीत कपडा चित्रातून काढण्याला) दोष देऊन दोन-दोन दिवस कडा साफ केल्या जातात. कडांचा इथे संबंध नसतो. दोन कॅमेरे एकसारखे हललेले नसतात.

हिशेब सोपा आहे. लांबीला 10 ने भागायचं, कोनाला हात लावायचा नाही. क्रोमावर ट्रॉली 3 मीटर गेली तर मिनिएचरवर 30 सेंमी, लेन्सची उंची 150 सेंमी असेल तर 15. पण 20 अंशांचा पॅन (कॅमेरा आडवा वळवणं) 20 अंशांचाच राहतो, आणि बॉडी तीच असेल तर फोकल लेन्थही तीच. उंची टेबलाच्या कडेपासून मोजू नका. नटाचे पाय जिथे पडणार, त्या मातीपासून मोजा. तिथे 1 सेंमीचा चढ म्हणजे पडद्यावर 10 सेंमी.

सर्वांत जास्त शॉट बिघडतात ते पॅनच्या आसामुळे. ट्रायपॉडवर कॅमेरा बॉडीच्या स्क्रूभोवती फिरतो, लेन्सचा खरा नजरबिंदू मात्र त्याच्या पुढे, समजा 8 सेंमीवर असतो. म्हणजे पॅन करताना कॅमेरा थोडा सरकतोही. नट 4 मीटरवर असेल तर हे कळत नाही. मिनिएचरवर मात्र तेच 8 सेंमी 80 सेंमीसारखे वागतात, आणि पुढचं घर मागच्या किल्ल्यावरून धावतं. उपाय असा: प्लेटवर छोटी सरकपट्टी लावा. एक काडी 30 सेंमीवर, दुसरी 2 मीटरवर, दोन्ही एका रेषेत उभ्या करा. उजवीकडे पॅन करताना जवळची काडी लांबच्या काडीच्या डावीकडे गेली तर कॅमेरा मागे घ्या. उजवीकडे गेली तर पुढे. रेषा तुटेनाशी झाली की पट्टी घट्ट करा. टिल्टसाठी (कॅमेरा वर-खाली झुकवण्यासाठी) हेच पुन्हा. क्रोमावरही कॅमेरा असाच बसवा, म्हणजे दोन्हीकडचा हिशेब एक राहतो.

पॅन जमला आणि तरी फ्रेमच्या कडेला घरं सरकत असतील तर फोकस तपासा. पूर्ण लेन्स पुढे जाऊन फोकस होणारी 35 मिमीची लेन्स 3 मीटरवरून 30 सेंमीवर आणली, की फ्रेम सुमारे 12 टक्के घट्ट होते. आकडा तोच लिहिलेला असतो, म्हणून शंका येत नाही. चौकटीचा कागद दोन्ही अंतरांवर शूट करा, त्यावरून लेन्सचा कोन काढा आणि ट्रॅकिंगमध्ये (शॉटवरून कॅमेऱ्याची हालचाल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तो भरा. लेन्सचा वाकडेपणाही त्याच कागदावरून निघतो. स्टॅबिलायझेशन दोन्हीकडे बंद. मोबाइल असेल तर तिथलं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन आधी शोधून बंद करा, कारण ते प्रत्येक फ्रेम वेगळी कापतं.

क्रोमाच्या कपड्यावर ट्रॅकिंगच्या खुणा सपाट एका ओळीत लावल्या तर सॉफ्टवेअरला खोली कळत नाही. काही जमिनीवर, काही स्टँडवर पुढे लावा. प्रत्येक फ्रेममध्ये निदान 8 ते 10 दिसल्या पाहिजेत.

मिनिएचरमध्ये काहीच हलत नसेल तर घाई कशाला? सेकंदाला 24 फ्रेमचा 5 सेकंदांचा शॉट म्हणजे 120 फ्रेम, एकेक फ्रेम फोटोसारखी काढा. अॅपर्चर एफ 16 किंवा 22, एक्सपोजर 1 सेकंद. मिनिएचरचं बिंग फुटतं ते धूसर मागच्या बाजूमुळे. 30 सेंमी भागिले 119 म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण 2.5 मिमी. ट्रॉली सरकवायला जीटी2 बेल्ट (दात 2 मिमी अंतरावर), 20 दात्यांची पुली, फेरीला 200 स्टेपची मोटर आणि प्रत्येक स्टेपचे 16 मायक्रोस्टेप असतील तर 1 मिमीला 80 मायक्रोस्टेप, म्हणून 2.5 मिमीला 200. पण ढकललेली ट्रॉली सुरुवातीला संथ आणि शेवटी मंदावते, समान टप्पे दिले तर मधेच पाय घसरतील. क्रोमाच्या शॉटचं ट्रॅकिंग आधी करा आणि त्यातली फ्रेमनिहाय अंतरं 10 ने भागून मोटरला द्या. मोटर नेहमी एकाच दिशेने थांब्यावर आणा, नाहीतर बेल्टचा ढिलेपणा मोजमापात शिरतो. स्थिर फोटोंत हालचालीचा ब्लर नसतो. तो दोन्ही शॉट जोडताना द्या.

पाणी किंवा धूळ उडणार असेल तर मात्र ही पद्धत चालत नाही. तेव्हा शूटिंगचा वेग मापाच्या वर्गमुळाने वाढतो: 1:10 ला 24 गुणिले 3.16, म्हणजे सेकंदाला 76 फ्रेम. तेवढ्याच पटीने ट्रॉलीही वेगात, 5 सेकंदांची हालचाल 1.6 सेकंदांत.

आता आपल्याकडची गोष्ट. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात कूलर लावल्याशिवाय कुणी आत थांबत नाही, आणि त्याच वाऱ्याने स्पंजची झाडं 1 सेकंदाच्या एक्सपोजरमध्ये पुसट होतात. ओलाव्याने प्लायवूडही फुगतो. एक्सपोजरच्या वेळी कूलर बंद ठेवा. 1 मीटर अॅल्युमिनियमची रेल 15 अंश तापली तर सुमारे 0.35 मिमी वाढते, पडद्यावर 3.5 मिमी. एवढं खपतं, पण मऊ पडलेल्या क्लेच्या भिंती खपत नाहीत. वीज गेली तर मोटरला आपली जागा आठवत नाही. शून्याच्या ठिकाणी लिमिट स्विच (ट्रॉली टेकली की कळवणारा) हवाच. शॉट संपल्यावर पहिली फ्रेम पुन्हा काढून जुन्या फ्रेमवर ठेवा, काही हललं असेल तर तिथेच दिसेल.

क्रोमा उन्हात शूट केला असेल तर 1 मीटरची काठी उभी करून सावली मोजा. 58 सेंमी सावली म्हणजे सूर्य 60 अंशांवर. मेअखेर दुपारी आपल्या भागात सूर्य डोक्यावर असतो, सावली जवळपास नाहीशी होते आणि डोळ्यांत खड्डे दिसतात, म्हणून शूट सकाळी. मिनिएचरवर दिवा त्याच कोनात, पण लांब ठेवा. 1.2 मीटर रुंद सेटला दिवा 1.5 मीटरवर असेल तर सावल्या 44 अंशांत फाकतात, 6 मीटरवर फक्त 11. खोली लहान असेल तर दार उघडून ओसरीतून, बाहेरून प्रकाश टाका.