बक्षीसपत्र नोंदवायला जाण्याआधी

वडिलांच्या नावचं घर हयातीतच बक्षीसपत्राने, म्हणजे मोबदला न घेता, मुलीच्या नावावर करायचं ठरलं, की पहिला विषय निघतो खर्चाचा. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाच्या बायकोला बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. स्थानिक अधिभार वर किती लागेल ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधीच विचारा. तो बाजारमूल्यावर काढतात, आणि मग २०० चा आकडा नावापुरता उरतो. या सवलतीत आई-वडील नाहीत, भावंडंही नाहीत. मुलाने आईला घर दिलं, तर हिशेब वेगळा. दुकानाचा गाळा असला तरीही वेगळा.

वेळ खातात ती नावं. सातबारा किंवा मूळ खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), आधार, पॅन हे सगळं एकाच टेबलावर मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. सातबाऱ्यावर ‘दत्तू रामा’ आणि आधारवर ‘दत्तात्रय रामचंद्र’ असेल, तर दस्तात ‘उर्फ’ घालून दोन्ही नावं लिहा, सोबत प्रतिज्ञापत्र ठेवा. मुलीचं लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा. त्याच बैठकीत मालकी वडिलांची एकट्याचीच आहे ना, तेही बघा. वारस म्हणून काका-आत्यांची नावं लागलेली असतील, तर वडील फक्त आपला हिस्सा देऊ शकतात. सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, दिसला तर आधी बँकेत जा.

मसुदा वकिलाकडून करून घ्या, पण तीन गोष्टी स्वतः वाचा. मालमत्तेचं वर्णन: चतुःसीमा, क्षेत्रफळ, गट किंवा सदनिका क्रमांक. दोन साक्षीदार, कारण त्यांच्याशिवाय स्थावराचं बक्षीसपत्र टिकत नाही. आणि मुलीने बक्षीस स्वीकारल्याचं वाक्य. हा स्वीकार देणारा हयात असतानाच व्हावा लागतो.

बक्षीसपत्र मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. त्यामुळे वडिलांचं वय साठ किंवा त्याहून जास्त असेल, तर मुलगी त्यांचा सांभाळ करील ही अट दस्तातच लिहा. ती मोडली तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आपल्याच माणसांत असं काय लिहायचं, म्हणून बरेचजण ही ओळ गाळतात. गाळू नका. भाऊ नाराज असेल तर वडील शुद्धीत, समजून सही करताहेत असा डॉक्टरांचा दाखलाही घ्या. कायद्याने सक्ती नाही, पण पुढे वाद झाला तर कामाला येतो.

नोंदणीच्या दिवशी ऑनलाइन डेटा एंट्रीचा क्रमांक, चलनाची पावती आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं हवीत. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा यंत्र पटकन घेत नाही. घाईची वेळ निवडू नका. वडील अंथरुणाला खिळलेले असतील तर निबंधकांनी घरी यावं म्हणून अर्ज करता येतो. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर व्हायला हवा.

एवढ्यावर बरेचजण थांबतात आणि सातबारा जुन्याच नावावर राहतो. जमीन असेल तर फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावात बदल, झाला का ते तलाठ्याकडे बघत राहा. नोटिशीनंतर हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. सदनिका असेल तर सोसायटीकडून भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव चढवून घ्या. घरपट्टी आणि वीजबिल सवडीने, इंडेक्स टूची प्रत जोडून.